घटक ६ : कलाप्रकल्पाचे चिंतनपर टिपण

अनुक्रमणिका

६.० उद्दिष्टे
६.१ प्रास्ताविक
६.२ विषय-विवेचन
६.२.१ चिंतनपर टिपणाचे स्वरूप
६.२.२ नमुना : पहिला खर्डा
६.२.३ 'केले' आणि 'झाले'
६.२.४ 'पाहिले' आणि 'दिसले'
६.२.५ नमुना : दुसरा खर्डा
६.२.६ टिपण लिहिण्याची पद्धत
६.३ सारांश
६.४ पारिभाषिक शब्द
६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
६.६ सरावासाठी स्वाध्याय

६.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला –

• वर्णनपर लेखन आणि चिंतनपर टिपण यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• सकर्मक व अकर्मक क्रियापदांच्या निवडीमुळे लेखनातील कर्ता कसा प्रकट होतो किंवा लोपतो, हे सांगता येईल.
• 'मी पाहिले' आणि 'मला दिसले' या दोन रचनांमधील अर्थभेद सोदाहरण मांडता येईल.
• स्वतः केलेल्या एखाद्या कलावस्तूविषयी चिंतनपर टिपण लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण वर्णनपर लेखनाचा परिचय करून घेतला. समोरची वस्तू, स्थळ किंवा प्रसंग वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करणे हे त्या लेखनाचे कार्य होते. या घटकात आपण एक पाऊल पुढे जाणार आहोत. येथे वर्णनाचा विषय आपल्याच हातांनी घडवलेली वस्तू आहे. ती घडवताना आपण काय केले, काय घडले आणि त्यातून काय उमगले, याचे लेखन आपल्याला करावयाचे आहे.

चित्रकलेचा तास बहुतेकांच्या आठवणीत असतो. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांची तयारी आपल्यापैकी काहींनी केली असेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द त्यांना परिचित असतील. परंतु त्या वर्गात आपल्याकडून चित्र मागितले जात असे. चित्र काढताना काय घडले, हे सहसा कोणी विचारत नसे. आज अनेक कला-अभ्यासक्रमांत प्रकल्पासोबत विद्यार्थ्याचे टिपणही मागितले जाते. चित्र उत्तम असूनही टिपण निर्जीव, असे पुष्कळदा आढळते. याचे कारण बहुतेक वेळा शब्दसंग्रहाची उणीव हे नसते. आपली वाक्यरचना आपल्याला काही गोष्टी सांगण्यापासून वाचवत असते, हे ते कारण होय. म्हणून या घटकात आपण कलावर्गातील टिपणाकडे भाषेच्या अंगाने, विशेषतः क्रियापदांच्या अंगाने पाहणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ चिंतनपर टिपणाचे स्वरूप

एका वस्तूविषयी चार प्रकारे लिहिता येते. वस्तू कशी आहे, हे सांगितले की वर्णन होते. ती कशी करावी, हे क्रमाने सांगितले की कृती होते. ती कितपत साधली आहे, याचा निर्णय दिला की समीक्षा होते. ती करताना करणाऱ्याच्या समजुतीत कोणता बदल झाला, हे सांगितले की चिंतनपर टिपण होते. चिंतनपर टिपणात पहिल्या तिन्ही प्रकारांचा थोडा थोडा अंश असतो. पण त्याचा गाभा बदल हा आहे. आधी मला काय वाटत होते आणि आता काय वाटते, या दोहोंमधील अंतर जेथे दिसत नाही, तेथे चिंतन नाही.

मराठीत कलावंतांनी स्वतःच्या कामाविषयी लिहिण्याची परंपरा आहे. चित्रकार म. वि. धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. १९३१ पर्यंतच्या त्या काळाविषयी त्यांनी लिहिलेले 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. पन्नास वर्षांनंतर, १९९० साली, प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' प्रकाशित झाले. पहिल्या पुस्तकाचा भर आठवणींवर आहे, तर दुसऱ्याचा चित्र घडण्याच्या प्रक्रियेवर. आपल्याला लिहावयाचे टिपण जेमतेम तीन-चारशे शब्दांचे असले, तरी त्याचे नाते या दोन्ही प्रकारच्या लेखनाशी आहे. प्रसंग आठवावा लागतो आणि प्रक्रिया तपासावीही लागते.

६.२.२ नमुना : पहिला खर्डा

पुढील उतारा या घटकासाठी रचलेला आहे. संध्याकाळच्या कलावर्गात जाणाऱ्या, नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या एका विद्यार्थिनीने वर्षाअखेरीस हे टिपण लिहिले आहे, अशी कल्पना करावी.

"या वर्षी मी कलावर्गात तीन प्रकल्प पूर्ण केले. पहिला प्रकल्प पितळी तांब्याच्या वस्तुचित्राचा होता. चित्र चांगले झाले. फक्त तांब्याचे तोंड थोडे चुकले. दुसरा प्रकल्प मातीच्या भांड्याचा होता. वाळताना भांड्याला तडा गेला, त्यामुळे ते भाजता आले नाही. तिसरा प्रकल्प लिनोछापाचा होता. त्यासाठी 'जात्यावर दळणारी आई' हा विषय निवडण्यात आला. चित्राखाली 'पीठ' हा शब्द होता. परंतु छाप घेतल्यावर अक्षरे उलटी आली. आईला चित्र खूप आवडले. या प्रकल्पांतून मला खूप काही शिकायला मिळाले. कला माणसाला जगण्याची नवी दृष्टी देते."

हा उतारा शुद्ध आहे. क्रम नीट आहे, वाक्ये सुटसुटीत आहेत, त्यात खोटे असे काहीच नाही. तरीही वाचून झाल्यावर आपल्या हाती काय उरते? तांब्याचे तोंड कसे चुकले? तडा का गेला? अक्षरे उलटी का आली? आणि 'खूप काही' म्हणजे नेमके काय? या प्रश्नांची उत्तरे लेखिकेला ठाऊक असणार. ती टिपणात का उतरली नाहीत, हे आता पाहू.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) वरील उताऱ्यात 'मी' हा शब्द किती वेळा आला आहे? तो कोणत्या क्रियापदासोबत आला आहे?
आ) चुकांविषयीच्या तीन वाक्यांतील क्रियापदे लिहा. त्या वाक्यांत करणारी व्यक्ती दिसते का?

६.२.३ 'केले' आणि 'झाले'

मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या फार बोलक्या आहेत : फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे, सुटणे–सोडणे, पडणे–पाडणे, जळणे–जाळणे. प्रत्येक जोडीतील पहिले रूप अकर्मक, तर दुसरे सकर्मक आहे. 'कागद फाटला' या वाक्यात जे काही घडले ते कागदापुरते आहे. 'मी कागद फाडला' असे म्हणताच करणारी व्यक्ती वाक्यात येऊन उभी राहते. घटना एकच असू शकते. ती सांगताना कोणाला उभे करावयाचे, याची निवड बोलणारा करतो.

या दोन टोकांच्या मध्ये मराठीने आणखी एक जागा राखून ठेवली आहे : 'माझ्या हातून कागद फाटला.' येथे क्रियापद अकर्मकच आहे, पण 'माझ्या हातून' या शब्दांनी माझा संबंध कबूल केला आहे; हेतू मात्र नाकारला आहे. 'फाटला', 'माझ्या हातून फाटला', 'मी फाडला' अशा या तीन पायऱ्या आहेत. लहान मूलही फुलदाणीविषयी बोलताना यांपैकी नेमकी पायरी निवडते. व्याकरण शिकण्यापूर्वीच आपण हा भेद शिकलेलो असतो.

आता पहिल्या खर्ड्याकडे पुन्हा पाहा. 'पूर्ण केले' येथे 'मी' आहे. 'चुकले', 'तडा गेला', 'उलटी आली' येथे मी नाही. यशाला कर्ता आहे, चुकांना कर्ता नाही. 'विषय निवडण्यात आला' हे वाक्य तर कचेरीतून थेट कलावर्गात आले आहे. 'निदर्शनास आले आहे', 'कार्यवाही करण्यात येत आहे', 'सदर काम प्रलंबित राहिले' ही भाषा आपल्यापैकी नोकरी करणाऱ्यांच्या रोजच्या सरावाची आहे. तेथे तिला स्थान आहे. निर्णय कार्यालयाचा असतो, व्यक्तीचा नसतो. शिवाय नोकरीत चूक स्वतःच्या नावावर लिहिणे महागात पडू शकते. प्रौढ विद्यार्थ्याच्या लेखनात ही सवय अधिक मुरलेली दिसते, याचे नवल वाटू नये. परंतु आईचे चित्र काढण्याचा निर्णय कोणत्याही कार्यालयाने घेतलेला नव्हता. तो या विद्यार्थिनीने घेतला. तसा तो का घेतला, हाच टिपणाचा पहिला प्रश्न आहे.

मराठीतील कर्मणी प्रयोगाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेण्यासारखे आहे. 'मी ठसा कोरते' या वाक्यातील क्रियापद बोलणारी स्त्री आहे, हे दाखवते. तीच स्त्री भूतकाळात 'मी ठसा कोरला', 'मी रेषा कोरली', 'मी अक्षर कोरले' असे म्हणते, तेव्हा क्रियापदाचे लिंग-वचन कर्मानुसार बदलते. करणारी व्यक्ती वाक्यात राहते. पण क्रियापदाचे लक्ष केलेल्या वस्तूकडे वळते. चिंतनपर टिपणाला ही रचना विशेष सोयीची आहे. तीत मी असतो, पण मिरवत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी. प्रत्येक अकर्मक वाक्य म्हणजे पळवाट नव्हे. कलावस्तू घडताना साहित्यही आपल्या स्वभावाप्रमाणे वागत असते. ओल्या कागदावर रंग पसरतो. माती वाळताना आकसते. ही वाक्ये अकर्मकच असली पाहिजेत, कारण ती खरी आहेत. याउलट, 'सगळी चूक माझीच होती' हे वाक्य नम्र वाटले, तरी तेही काही सांगत नाही. कोणती कृती, केव्हा, कशामुळे, हे त्याने झाकूनच ठेवलेले असते. चांगल्या टिपणात दोन्ही प्रकारची वाक्ये शेजारी शेजारी येतात : 'भांडे लवकर वाळावे म्हणून मी ते उन्हात ठेवले. पातळ काठ आधी वाळला, जाड बूड ओले राहिले आणि भांड्याला तडा गेला.' हाताने काय केले आणि मातीने काय केले, हे दोन्ही येथे कळते. तडा का गेला, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

६.२.४ 'पाहिले' आणि 'दिसले'

मराठीत क्रियापदांचा आणखी एक मोठा गट आहे. मला दिसते, मला वाटते, मला आठवते, मला सुचते, मला कळते, मला जमते, मला उमगते. या वाक्यांत व्यक्ती 'मला' या रूपात येते. ती काही करत नाही. तिच्या बाबतीत काही घडते. भाषाविज्ञानात अशा व्यक्तीला 'अनुभवक' म्हणतात. 'मी पाहिले' यात प्रयत्न आहे. 'मला दिसले' यात प्राप्ती आहे. पाहूनही न दिसणे शक्य आहे, म्हणूनच 'मी पाहिले, पण मला दिसले नाही' हे वाक्य मराठीत विसंगत ठरत नाही.

कलावर्गातील शिक्षणाचा बराचसा भाग या एका वाक्यात मावतो. तांब्याचे उदाहरण घ्या. तांब्याचे तोंड गोल असते, हे आपल्याला माहीत आहे. परंतु समोर ठेवलेला तांब्या आपण किंचित वरून पाहतो, तेव्हा ते तोंड लंबवर्तुळाकार दिसते. त्याचे बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्याने बुडाची वक्ररेषा तोंडाच्या रेषेपेक्षा अधिक गोलाईची दिसते. नवा विद्यार्थी बहुधा तोंड फार गोल काढतो आणि बुडाशी सरळ रेघ मारतो. तांब्या जमिनीवर सपाट बसतो, हे त्याला माहीत असते ना! तो दिसते ते न काढता माहीत असलेले काढतो. हात लांब करून पेन्सिलीने तोंडाची रुंदी आणि उंची मोजली, की मगच त्याला ते दिसते.

'तांब्याचे तोंड थोडे चुकले' या वाक्यामागे एवढा मोठा शोध दडला होता. चिंतनपर टिपणात 'मला' असलेली वाक्ये अत्यंत मोलाची असतात; पण त्यांच्या आधी 'मी' असलेली वाक्ये आलेली असावीत. मी काय केले, हे सांगितल्यावाचून मला काय उमगले, हे पटत नाही. 'मला खूप काही शिकायला मिळाले' हे वाक्य पोकळ का वाटते, याचे कारणही हेच होय. तेथे प्राप्ती आहे. तिच्यामागची कृतीही नाही आणि मिळालेली वस्तूही नाही.

६.२.५ नमुना : दुसरा खर्डा

त्याच विद्यार्थिनीने तीनपैकी एकच प्रकल्प निवडून टिपण पुन्हा लिहिले, असे समजा. खर्ड्यापूर्वी तंत्राविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरण्याचे आच्छादन. जवसाचे तेल, बुचाचा भुसा आणि तागाचे कापड यांपासून ते तयार करत. त्याच्या नावातच जवस आणि तेल या अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. ते मऊ असल्याने ठसे कोरण्यास सोपे जाते. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेतील गांधीजींचे जे प्रसिद्ध चित्र केले, ते लिनोछापच आहे. कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो, न कोरलेल्या भागाला शाई लागते, आणि ठशावरील डावी बाजू छापेत उजवीकडे येते. छापखान्यातील खिळ्यांवर अक्षरे उलटी असतात, ती याच कारणाने.

"लिनोछापासाठी मी आईचे चित्र निवडले. माझ्या लहानपणी ती पहाटे जात्यावर दळत असे. घरातले जाते केव्हाच गेले. छायाचित्र एकही नाही. म्हणून मी आठवणीतून चित्र काढले. ते थेट लिनोच्या तुकड्यावर काढले, कारण कागदावर काढलेली रेषा उतरवून घेताना मरते, असे मला वाटत होते. उजवा हात जात्याच्या खुंट्यावर, डावा हात घास घालताना. खाली मी 'पीठ' हा शब्द लिहिला आणि कोरणीने कोरला. त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

पहिली छाप उचलली तेव्हा मला हसू आले आणि मग रडू येईल असे वाटले. मी अक्षरे सुलट कोरली होती, त्यामुळे ती कागदावर उलटी उमटली. 'ठ' फारसा बदलला नव्हता, पण तो आधी आला होता. दीर्घ वेलांटी 'प'च्या पलीकडे जाऊन ऱ्हस्व वेलांटीसारखी दिसत होती. शिक्षिका ठसा उलटा कोरायला सांगत होत्या, तेव्हा मी वर्गात होते. मी ऐकले होते. पण हात शब्द लिहायला लागला की तो नेहमीसारखाच लिहितो, हे मला तोवर माहीत नव्हते.

ती छाप मी घरी नेली. आईला अक्षरओळख नाही, त्यामुळे तिच्यासमोर माझी चूक उघडी पडणार नाही, असा मी हिशोब केला होता. आईने कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ पाहून ती म्हणाली, 'मी तर उजव्या हातानं दळायची. ही डावखुरी कोण?'

चित्रही उलटे आले आहे, हे मला चार दिवसांत दिसले नव्हते. माझे सगळे लक्ष त्या दोन अक्षरांवर होते. जिला वाचता येत नाही असे मी धरून चालले होते, तिने माझी छाप माझ्याआधी वाचली.

नंतर मी दुसरा ठसा कोरला. या वेळी चित्र आणि अक्षरे ट्रेसिंग कागदावर काढली, कागद पालथा घातला आणि मग ती लिनोवर उतरवली. कोरण्यापूर्वी आईला दाखवले. घास घालणारी मूठ मी चुकीची काढली होती. तिने रिकाम्या हाताने घास घालून दाखवला, तशी मी ती बदलली. दुसऱ्या छापेत अक्षरे सुलट आहेत, हात उजवा आहे. रेषा मात्र पहिलीइतकी मोकळी आलेली नाही. त्यावर उपाय मला अजून सापडलेला नाही. म्हणून मी दोन्ही छापा सादर करत आहे."

या खर्ड्यातील क्रियापदांकडे लक्ष द्या. 'मी निवडले', 'मी काढले', 'मी कोरला' येथे कृती लेखिकेकडे आहे. 'उलटी उमटली' हे अकर्मक क्रियापद आता पळवाट राहिलेले नाही, कारण त्याच्या आधी 'मी अक्षरे सुलट कोरली होती' हे वाक्य आले आहे. 'मला दिसले नव्हते' हे टिपणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य नकारार्थी आहे, हेही पाहण्यासारखे आहे. मूठ कोणाच्या सांगण्यावरून बदलली, हे लेखिकेने नोंदवले आहे. दुसऱ्याचा वाटा लपवलेला नाही. शेवटी तिने काय जमले नाही, तेही सांगितले आहे.

पहिल्या खर्ड्यातील 'आईला चित्र खूप आवडले' या वाक्याचे काय झाले? ते वाक्य दुसऱ्या खर्ड्यात नाही. कदाचित आईला चित्र खरोखरच आवडले असेल. पण त्या गोड वाक्याने आईचा प्रश्न झाकून टाकला होता, आणि चित्राविषयी कोणीही विचारलेला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता. टिपणात आपण जे लिहीत नाही, ते बहुधा आपल्याला अवघड वाटलेले असते. तेच शोधून काढावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

अ) 'मी ऐकले होते, पण… मला तोवर माहीत नव्हते' या वाक्यात 'मी' आणि 'मला' यांची कार्ये कोणती?
आ) दुसऱ्या खर्ड्यात समजुतीतील कोणते दोन बदल दिसतात?

६.२.६ टिपण लिहिण्याची पद्धत

१. काम चालू असतानाच नोंदी ठेवाव्यात. तारीख, साहित्य, घेतलेला निर्णय आणि घडलेला अपघात एवढे चार तपशील दोन ओळींत टिपले तरी पुरे. काम संपल्यावर स्मरणशक्ती चुका गुळगुळीत करून ठेवते.

२. सर्व प्रकल्पांविषयी थोडे थोडे लिहिण्यापेक्षा एकाच प्रकल्पातील एक जागा निवडावी. जेथे हात थांबला, जेथे काही पुन्हा करावे लागले किंवा जेथे कोणाच्या बोलण्याने आपण चमकलो, ती जागा सहसा योग्य ठरते.

३. पहिला खर्डा मनाप्रमाणे लिहून काढावा. त्यातील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी. जेथे 'झाले', 'गेले', 'आले', 'करण्यात आले' अशी रूपे असतील, तेथे स्वतःला विचारावे : हे साहित्याने केले, माझ्या हातून झाले, की मी केले? उत्तर मिळेल त्याप्रमाणे वाक्य बदलावे किंवा तसेच ठेवावे.

४. मदत घेतली असल्यास ती स्पष्ट नोंदवावी. 'मी कोरले' आणि 'मी कोरून घेतले' यांत एकाच शब्दाचा फरक आहे. तो शब्द गाळू नये.

५. शेवटचे वाक्य तपासावे. ते कोणत्याही प्रकल्पाखाली, कोणाच्याही टिपणात चालण्यासारखे असेल, तर ते काढून टाकावे. त्याआधीचे वाक्य बहुधा अधिक चांगला शेवट असते.

६.३ सारांश

चिंतनपर टिपणाचा गाभा म्हणजे काम करताना समजुतीत झालेला बदल. तो व्यक्त करण्यासाठी मराठीत तीन प्रकारच्या रचना हाताशी आहेत. 'मी कोरले' यासारखी वाक्ये आपली कृती सांगतात, 'उलटी उमटली' यासारखी वाक्ये साहित्याचे वर्तन सांगतात आणि 'मला दिसले' यासारखी वाक्ये प्राप्ती सांगतात. अपयशाच्या वाक्यांतून कर्ता गळाला, की कारण गळते. कारण गळाले, की शिकणे दिसेनासे होते. उलटपक्षी, सर्व दोष स्वतःवर घेणारे मोघम वाक्यही चिंतन ठरत नाही. कृती, वर्तन आणि प्राप्ती यांचा नेमका वाटा ज्याच्या त्याच्या पदरात टाकणे, हे या लेखनातील प्रामाणिकपणाचे स्वरूप आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

अनुभवक : ज्या व्यक्तीच्या बाबतीत दिसणे, वाटणे, आठवणे यांसारखी क्रिया घडते, ती व्यक्ती, मराठीत बहुधा 'मला', 'तिला' अशा रूपात येते.
कर्मणी प्रयोग : ज्या रचनेत क्रियापदाचे रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते, तो प्रयोग.
ठसा : शाई लावून छापण्यासाठी कोरलेला तुकडा.
छाप : ठशावरून कागदावर उमटलेली प्रतिमा.
लंबवर्तुळ : तिरप्या दृष्टीने पाहिल्यावर वर्तुळाचा दिसणारा चपटा आकार.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) एकदा, 'पूर्ण केले' या क्रियापदासोबत. आ) 'चुकले', '(तडा) गेला', '(उलटी) आली'. या तिन्ही वाक्यांत करणारी व्यक्ती दिसत नाही.

प्रश्न २ : अ) 'मी ऐकले' यात लेखिकेची कृती आहे, 'मला माहीत नव्हते' यात लेखिका अनुभवक आहे. सूचना ऐकणे आणि तिचा अर्थ हाताला कळणे, यांतील अंतर या दोन रूपांनी दाखवले आहे. आ) एक, लिहिण्याची सवय हातात किती खोल असते, याची जाणीव, दोन, आईच्या 'वाचता न येण्या'विषयीची समजूत बदलणे. थेट ठशावर काढण्याविषयीच्या मतात झालेला अंशतः बदलही आपण नोंदवला असल्यास ते उत्तर योग्य आहे.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'चिंतनपर टिपण' आणि 'कृती' यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. फुटणे–फोडणे यासारख्या आणखी तीन जोड्या शोधून प्रत्येकीची वाक्ये लिहा. त्यांतील एका जोडीसाठी 'माझ्या हातून' ही मधली पायरीही लिहा.
३. पहिल्या खर्ड्यातील मातीच्या भांड्याविषयीची वाक्ये घेऊन सुमारे शंभर शब्दांचे टिपण तयार करा.
४. क्षेत्रीय कार्य : या आठवड्यात स्वतःच्या हातांनी एक वस्तू घडवा. रांगोळी, आकाशकंदील, गोधडीचा एक तुकडा, मातीची पणती किंवा पेन्सिलीने काढलेला घरातला तांब्या, काहीही चालेल. काम चालू असताना नोंदी ठेवा. ती वस्तू घरातील अशा एका व्यक्तीला दाखवा, जिच्याकडून आपल्याला अभिप्रायाची अपेक्षा नाही. ती व्यक्ती काय म्हणाली, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्यानंतर तीनशे ते चारशे शब्दांचे टिपण लिहा. संपर्कसत्राला येताना वस्तू आणि टिपणाचे दोन्ही खर्डे सोबत आणा. पहिला खर्डा फाडू नका.